काजळीतील नळ्या

पानशेत येथे धरणाचे पाणी वीजगृहातील चक्र फिरविते आणि तेथे निर्माण झालेली वीज तारांवरून डोंगर ओलांडून दूर जाते. तारा धातूच्या असतात. पण त्या खांबाला जेथे बांधलेल्या असतात, तेथे चिनी मातीचे चकचकीत ठोकळे बसविलेले दिसतात. धातूतून वीज सहज वाहते, म्हणून त्यास सुवाहक म्हणतात. चिनी मातीतून ती वाहत नाही, म्हणून ती दुर्वाहक. या दोहोंच्या मध्ये सिलिकॉनसारखे काही पदार्थ आहेत. त्यांतून वीज केव्हा जाऊ द्यावी आणि केव्हा अडवावी, हे माणसाला ठरविता येते. त्यांना अर्धवाहक म्हणतात. रेडिओ, संगणक, मोबाइल फोन यांचे काम अर्धवाहकांच्या असंख्य सूक्ष्म कळांवर चालते.

तांबे सुवाहक, चिनी माती दुर्वाहक. पदार्थाचा असा एक स्वभाव ठरलेला असतो. कार्बनची गोष्ट मात्र निराळी आहे. हिरा शुद्ध कार्बनचा असून दुर्वाहक आहे. पेन्सिलीतील ज्या काडीला सगळे शिसे म्हणतात, तीत शिसे मुळीच नसते. ती ग्रॅफाइट व माती यांच्या मिश्रणाची असते. ग्रॅफाइट हाही कार्बनच, परंतु तो विजेचा वाहक आहे. फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी घरे करून पातळ थरांत बसलेले असतात. यांतील एकच थर घेऊन त्याची सुरळी केली आणि कडा बेमालूम जुळल्या, तर एक नळी होईल. अशा नळ्या खरोखरच असतात. त्यांना नॅनोनलिका म्हणतात. एकेरी भिंतीच्या नलिकेची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो नलिका शेजारी शेजारी मावतील!

१९५२ साली दोन रशियन शास्त्रज्ञांनी कार्बनच्या अशा पोकळ तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. परंतु ती रशियन नियतकालिकात आल्यामुळे इतरत्र फारशी कोणाच्या नजरेस पडली नाहीत. पुढे १९९१ साली जपानमधील सुमिओ इजिमा यांनी ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटविल्यावर उरलेला काळा थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात एकीत एक बसलेल्या नळ्या होत्या. तेव्हापासून जगाचे लक्ष त्यांकडे गेले.

चौकटीच्या वहीचा एक कागद घ्या. तो सरळ गुंडाळला, तर रेघा नळीभोवती कड्यांसारख्या फिरतात. तोच थोडा तिरपा गुंडाळला, तर त्या स्क्रूच्या आट्यांप्रमाणे चढत जातात. कागद तोच, रेघा त्याच. नळी मात्र निराळी. कार्बनच्या थराचेही तसेच आहे. तो किती रुंद व किती तिरपा गुंडाळला गेला, यावर नलिकेचा स्वभाव ठरतो. एक नळी धातूप्रमाणे वाहक होते, तर किंचित निराळी गुंडाळलेली नळी अर्धवाहक होते. सरासरीने तीन नळ्यांत एक वाहक आणि दोन अर्धवाहक. १९९२ साली हे शास्त्रज्ञांनी केवळ गणिताने सांगितले. १९९८ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील संशोधकांनी अत्यंत तीक्ष्ण सुई नळीच्या अगदी जवळून फिरवून तीवरील अणूंची मांडणी टिपली आणि त्याच सुईने तिचा विजेविषयीचा स्वभावही तपासला. गणित खरे ठरले.

नलिकांसाठी ग्रॅफाइटच लागतो असे नाही. आरतीचा कापूर जळतो, तेव्हा दाट काजळी उठते आणि तबक काळे होते. ती काजळी म्हणजे बहुतांशी कार्बनच. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कापराचाच अभ्यास केला. कापरापासून फुलरीन नावाचे, चेंडूसारखे पोकळ कार्बन-रेणू मिळतात, हे त्यांनी १९९४ साली दाखविले. शेरॉन यांच्याबरोबर काम केलेले मुकुल कुमार पुढे जपानला गेले. तेथे योशिनोरी आंडो यांच्यासह त्यांनी कापरापासून नॅनोनलिका तयार केल्या आणि ते संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. घरच्या तबकात मात्र त्या शोधू नयेत. कापराची वाफ हवा काढून टाकलेल्या तप्त नळीतून न्यावी लागते. सोबत लोखंडाचे सूक्ष्म कण असावे लागतात. त्या कणांवर कार्बनची नळी उगवते.

खरी अडचण यापुढे आहे. नलिका सहसा मिसळलेल्याच निघतात; शिवाय एकमेकींना चिकटून त्यांच्या मोळ्या बनतात. विजेच्या कळेत चुकून वाहक नलिका बसली, तर ती कळ कधी बंदच होत नाही. म्हणून गव्हातून खडे निवडावेत तशा त्या निवडाव्या लागतात. ओळखण्याच्या कामी चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८ सालचा शोध उपयोगी पडतो. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश रंग बदलून येतो आणि त्यावरून आतील अणूंची थरथर कळते. नलिका श्वास घ्यावा तशी फुगते व आकसते. बारीक नळी जलद, जाड नळी सावकाश. त्यावरून तिची जाडी समजते.

निवडण्याची एक नामी युक्ती अमेरिकेतील मार्क हर्सम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. पित्तात असतात त्या जातीचे क्षार पाण्यात घालून त्यांनी नलिका सुट्या केल्या. हे क्षार साबणासारखे नलिकांना चिकटतात, पण सर्वांना सारखे नव्हे. त्यामुळे वाहक व अर्धवाहक नलिकांच्या घनतेत किंचित फरक पडतो. मग, दुधातून साय काढणारे यंत्र फिरते तसे, पण त्याहून कितीतरी अधिक वेगाने हे मिश्रण तासन्‌तास फिरविले. काळ्या पाण्याचे वेगवेगळ्या रंगांचे पट्टे झाले!

२०१३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अशा नलिकांच्या १७८ कळांचा एक छोटा संगणक चालविण्यात आला. २०१९ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेत १४,००० हून अधिक कळांचा संगणक तयार झाला. त्यातही थोड्या वाहक नलिका राहून गेल्या होत्याच. परंतु त्या असूनही काम बिघडू नये, अशा बेताने त्याच्या कळांची जुळणी केलेली होती.