राखलेले गाव

नॉर्वे देशाच्या डोंगराळ भागात रोरोस नावाचे एक लहानसे गाव आहे. १६४४ साली तेथे तांब्याच्या खाणीचे काम सुरू झाले आणि खाणीच्या आश्रयाने लाकडी घरांची वस्ती वाढली. १६७८ व १६७९ साली स्वीडनच्या सैन्याने ती जाळली. परंतु लोकांनी घरे पुन्हा उभारली. १७८४ साली तेथील भव्य दगडी चर्च बांधून पुरे झाले.

१९७७ साली तांब्याचा उद्योग बंद पडला. ज्या उद्योगाने गाव पोसले तोच गेला, तरी लोकांनी जुनी घरे मोडून टाकली नाहीत. १९८० साली युनेस्कोने रोरोसची जागतिक वारसास्थळांत गणना केली. तेथे चर्चप्रमाणेच तांबे गाळल्यावर उरलेल्या मळीचे काळे ढीगही जपले आहेत. कारण त्यांत मजुरांच्या श्रमांची आठवण आहे.

नॉर्वेतील अनेक शहरांत जुन्या वास्तूंवर निळ्या पाट्या लावलेल्या दिसतात. वास्तू केव्हाची, तेथे कोण राहत होते, हे त्या वाटसरूला सांगतात. पाटी इतिहास सांगते. पण वास्तू राखतात ती माणसेच. लाकडी घर दर पावसाळ्याला, दर हिवाळ्याला निगा मागते. ती निगा पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते, तेव्हाच पाटीवरील शब्द खरे राहतात.