कार्ब्युरेटरवरचा पांढरा थर

प्रश्न : वडिलांची आरएक्स १०० पडवीत दोन पावसाळे उभी होती. कार्ब्युरेटरवर पांढरा थर आलाय. पॉलिश पेपरने घासू का? (एक वाचक, कर्जत)

उत्तर : पॉलिश पेपर नकोच. आपल्याकडच्या पावसाळी ओलीने धातूवर चढलेला तो क्षार आहे. मऊ पितळी ब्रश पुरे. रंगही देऊ नका.

खोलण्याआधी एअर स्क्रू पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात, ते लिहून ठेवा. जेटमध्ये तार मुळीच घालू नका. भोक केसभर वाढलं तरी मिश्रण बिघडतं. क्लीनर फवारा, कॉम्प्रेसरची हवा मारा, मग जेट उजेडाकडे धरा : भोक स्वच्छ, गोल दिसलं पाहिजे. गॅस्केट नवंच बसवा. मॅनिफोल्डचं रबर चिरलं असेल तर तेही. तिथून हवा शिरली, तर खोपोलीहून घाट चढताना टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होऊ शकतो.