बोटीवरचा टेप

चि. महेश यास अनेक आशीर्वाद.

बोटीवरचा टेप बदलायचा म्हणतोस, खुशाल बदल. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदीच आहे, बोट शाकारून ठेवलेली, हाताशी वेळ आहे. रात्री जाळं टाकून बसल्यावर खलाशांना गाणी हवीत, त्यात वावगं काही नाही. पण गाड्यांना टेप बसवणारा पोरगा दापोलीहून आणतोयस असं ताई म्हणाली, म्हणून लिहितो.

पोरगा हुशार असेल, पण त्याचा हात गाडीवर बसलेला. गाडीचा अख्खा पत्रा म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह. दिसेल त्या बोल्टला काळी वायर आवळली की झालं. तुझी बोट फायबरची, तिथे पत्रा कुठला? तो काळी वायर इंजिनाला बांधील. टेप वाजेल, पण गाण्यामागे डायनॅमोची घरघरही ऐकू यायची. दोन्ही वायरी थेट स्विचबोर्डापर्यंत न्यायला लाव.

खरा घोळ बॅटरीचा. तुझा स्टार्टर 24 व्होल्टचा, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. आणि टेप 12 चा. मग बरेच जण दोनांतल्या एकीवरूनच वायर काढतात. ती एकटी रोज जास्त उतरते. चार्जिंग मात्र दोघींना एकत्रच, त्यामुळे ती कायम अर्धपोटी आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. अशी जोडी लवकर बाद होते, आणि ते कळतं कधी? किनारा दिसत नसताना सेल मारलास की. तेव्हा 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावच. टेपाची पिवळी वायर घड्याळ नि स्टेशनं लक्षात ठेवायला बंद असतानाही थोडा करंट खाते. बंदीत तीही स्विचने तोडता आली पाहिजे. स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, लागू देत.

वायर टिनचा मुलामा दिलेलीच घे. आजी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई का करून घ्यायची, तसंच हे. जुन्या टेपाची साधी वायर सोलून बघ, टोकापासून आतपर्यंत काळीठिक्कर पडलेली सापडेल. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरात. टेपाच्या पाठीला फ्यूज असतोच म्हणून पोरगा कुरकुरेल. तो टेपापुरता. मधली वायर डिझेलच्या टाकीशेजारी घासून शॉर्ट झाली, तर तो फ्यूज काही करत नाही.

स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, हे विसरू नकोस. भोक पाडण्याआधी स्पीकर त्या जागी नुसता धरून होकायंत्राकडे बघ. काटा जरा जरी हलला तरी जागा बदल. जीपीएस असताना होकायंत्र कोण बघतं, असं म्हणशील. जीपीएसही बॅटरीवरच चालतो, बाबा. स्पीकर मागच्या डेकवर बरे, तांडेलाच्या कानाशी नकोत. वायरलेसवर चॅनेल 16 ला कुणी मदतीला हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे.

खोक्यावरच्या 200 वॉटला भुलू नकोस, तो आकडा क्षणभराच्या जोराचा असतो. टेप जरा स्वस्तातला घे आणि वाचलेले पैसे वायरीत घाल. कन्व्हर्टर रत्नागिरीत नाही मिळाला तर मी मुंबईहून पाठवतो; टेप किती अँपिअर घेतो ते वाचून कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा