हायवेवर पडलो म्हणून सांगा

“सर, हायवेवर पडलो म्हणून सांगा ना. सगळे तेच सांगतात.”

हे ऐकलं तेव्हा मी स्ट्रेचरवर होतो. डावा हात छातीशी बांधलेला, आणि लेदर सूटची बाही नर्सने कात्रीने खांद्यापर्यंत उभी कापलेली. बोलणारा होता बाइकचा ट्रॅक डे भरवणाऱ्या मंडळींचा माणूस. त्याच सकाळी साडेसहाला त्याने माझा हात हातात घेऊन “एन्जॉय करा सर” म्हटलं होतं. आता हॉस्पिटलच्या काउंटरवर अपघाताचं ठिकाण लिहायची वेळ आली, तर त्याला ट्रॅक हा शब्दच कागदावर नको होता.

मी सांगितलं, “ट्रॅकवर पडलो. मागून येऊन दुसऱ्याने धडक दिली. तसंच लिहा.” तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, फोन कानाला लावून बाहेर गेला, तो परत आलाच नाही. माझी बॅग, शूज, हेल्मेट सगळं माझ्या मित्राने पिटमधून गोळा करून आणलं.

ट्रॅक दक्षिणेतला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष ट्रॅकचा नव्हता. डांबर चांगलं होतं, मार्शल जागच्या जागी होते, रुग्णवाहिका दोन मिनिटांत आली. आपल्याकडच्यांना पूर्ण लांबीचा ट्रॅक म्हटलं की बहुतेक वेळा तिकडेच जावं लागतं: कोईमतूरजवळ चेट्टीपाळयमचा कारी स्पीडवे, 2.1 किलोमीटरचा, किंवा चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक. नाहीतर मग उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. सप्टेंबर 2023 मध्ये मोटोजीपी तिथे आली तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. ट्रॅकवर गाडी चालवायचीच, हे मी तिथेच ठरवलं. बेझेक्कीने शर्यत जिंकली, पण माझ्या लक्षात राहिला तो होर्हे मार्टिन. दुसरा आला आणि शर्यत संपल्यावर उन्हाने अक्षरशः कोसळला. इतक्या कसलेल्या माणसाची ही गत, म्हणून मी स्वतःच्या तयारीत काही कमी ठेवली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर “काकांना झेपलं नाही” असं बोललं गेलं आणि ते मला अजून बोचतं.

काय काय केलं होतं ते ऐका. मागचा टायर नवा घातला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते बघून घेतला. ब्रेकचं तेल बदललं, कारण जुन्या तेलात पाणी मुरलेलं असतं, ते तापून उकळतं आणि ऐन ब्रेकच्या वेळी लिव्हर भुसभुशीत लागतो. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलं. कूलंट सांडलं तर आपल्याला नव्हे, मागून येणाऱ्याला त्रास. त्यातल्या ग्लायकॉलवर टायर तेलावर घसरावा तसा घसरतो. हेडलाइटवर टेप, आरसे काढलेले, चेनचा ढिलेपणा तपासलेला. सूट अंगाला घट्ट बसणारा, पाठीला प्रोटेक्टर. ब्रीफिंगला पहिल्या रांगेत बसलो. पिवळा झेंडा म्हणजे ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे वेग कमी करून सरळ पिटमध्ये, हे सगळं पाठ होतं. आमच्या नवशिक्यांच्या गटासाठी एक नियम आयोजकांनी तीन वेळा सांगितला: ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, वळणात अजिबात नाही.

ज्याने मला पाडलं तो त्या ब्रीफिंगला नव्हताच. उशिरा आला, गाडीवर कॅमेरा लावत होता, आयोजकांशी गळ्यात गळा. एक हजार सीसीची गाडी. आमच्या गटात बहुतेक तीनशे-चारशेच्या गाड्या, काही जण तर पहिल्यांदाच ट्रॅकवर. तो आमच्यात का, असं मी मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, “अरे, वरचा गट भरला असेल.” मीही विषय सोडला. तिथे सोडायला नको होता.

दुसऱ्या सेशनची चौथी फेरी. उजवीकडचं लांब वळण, तिसरा गिअर, गाडी झुकलेली, नजर वळणाच्या बाहेर जायच्या ठिकाणी. अशा वेळी मागे कोण आहे ते कळत नाही, कळायला आरसाही नसतो. म्हणूनच ट्रॅकवर पुढच्याला सांभाळायची जबाबदारी मागच्याची असते, यात दुमत नाही. मी आतल्या कडेकडे येत होतो, जिथे यायला शिकवलं होतं तिथेच. तेवढ्यात उजव्या गुडघ्याशी दुसऱ्या इंजिनचा आवाज आला, अगदी अंगाला चिकटून. मग पुढचं चाक माझ्या हातातून गेलं. डांबरावरून घसरत जाताना मला एवढंच दिसत होतं, की माझी गाडी माझ्यापुढे ठिणग्या उडवत मातीकडे चालली आहे आणि तो सरळ उभा, पुढच्या वळणाला लागलाय. थांबला नाही. ती फेरी पूर्ण करून पिटमध्ये गेला.

मला नंतर तो एकदाच दिसला, रुग्णवाहिकेच्या दाराशी. म्हणाला, “काका, ट्रॅकवर असं होतं.” माझं वय त्रेचाळीस, त्याचं तिशीच्या पुढेच असावं. कॉलरबोनला प्लेट आणि सात स्क्रू बसले ते एक वेळ मी विसरेन, पण त्याचा तो आवाज विसरता येत नाही. माफीचा एक शब्द नाही.

आयोजकांचं म्हणणं होतं की ही ‘रेसिंग इन्सिडेंट’ आहे, कुणाचीच चूक नाही. पण ही रेस नव्हतीच ना! ट्रॅक डेला नंबर नसतो, बक्षीस नसतं. स्वतःच्या गाडीवर, सुरक्षित जागी शिकायचं म्हणून माणसं पैसे भरून येतात. ब्रीफिंगमध्ये हेच तर सांगितलं होतं. नियम मोडला की ‘रेस’ आणि पैसे घेताना ‘शिकवणी’, हे कसं काय? त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मी मागितलं. आधी म्हणाले कॅमेरा बंद होता. दीड महिन्याने सतरा सेकंदांचा तुकडा पाठवला, त्यात माझं वळण सुरू व्हायच्या आधीच चित्र संपतं.

मला खरं काय ते कळलं ते हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, तिसऱ्या रात्री. झोप येत नव्हती म्हणून फोनमधले फोटो बघत होतो. पहिल्या सेशननंतर पिटच्या भिंतीवर वेळांचा तक्ता लावतात, त्याचा मी सहज फोटो काढला होता, स्वतःची वेळ बायकोला पाठवायला. त्यात त्याचं नाव सगळ्यात वर. त्याची सर्वांत जलद फेरी माझ्यापेक्षा एकोणीस सेकंदांनी कमी. आमच्या गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षाही बारा सेकंदांनी. मी उठून बसलो. हा तक्ता आयोजकांनीच छापून भिंतीवर चिकटवला होता. दुसऱ्या सेशनआधी पाऊण तास हातात होता. एका माणसाला वरच्या गटात हलवायला दोन मिनिटं लागतात. त्यांनी हलवलं नाही, कारण वरच्या गटात जागा नव्हती आणि त्याची फी परत करायची नव्हती. तोवर मी मनात स्वतःच्याच चुका शोधत होतो, वळणात लवकर आत आलो का, वेग कमी होता का. त्या रात्रीपासून ते बंद केलं.

म्हणून जाणार असाल तर पहिली गोष्ट हीच. टायर, ब्रेक, सूट यावर कुणीही तासभर बोलेल, ते सगळं खरंच आहे, करा. पण पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: गट कोण ठरवतो? कशावरून ठरवतो, गाडीच्या सीसीवरून, माणसाच्या सांगण्यावरून, की आधीच्या वेळांवरून? एका गटात किती गाड्या? ब्रीफिंग चुकवणाऱ्याला ट्रॅकवर सोडता का? “ते आम्ही बघतो” असं उत्तर आलं तर जाऊ नका. आणि पहिल्या सेशननंतर तक्ता वाचा, स्वतःची वेळ बघायला नव्हे, दुसऱ्यांची बघायला. कुणी एकटाच खूप पुढे असेल तर आयोजकाकडे जाऊन त्याला हलवायला सांगा. हलवला नाही तर तेवढं सेशन सोडून द्या. भांडकुदळ म्हणतील, म्हणू द्या. तक्त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसरं, कागद. पहाटे अंधारात टेबलावर पाच पानी बंधपत्र पुढे करतात, मागे रांग असते, आपण सही करतो. मीही केली. काहीही झालं तरी आयोजक जबाबदार नाही, असं त्यात चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं होतं. हा कागद आठवडाभर आधी मागा, घरी वाचा, सही केल्यावर त्याचाही फोटो घ्या. मला माझी प्रत मिळायला सहा मेल लिहावे लागले.

विम्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यातलं कुणी सांगत नाही. गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांचं कलम असतं. संघटित शर्यती, पेसमेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं त्यात वगळलेलं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे असं मी सर्व्हेअरला सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. गाडीचं नुकसान आपल्या खिशातून, असं धरूनच जा. माझी टाकी, हँडल, फूटपेग, रेडिएटर सगळं गेलं.

आरोग्य विम्याचं मात्र वेगळं आहे. कंपनीने माझा क्लेम आधी ‘धोकादायक खेळ’ म्हणून नाकारला. मी पॉलिसी काढून ते कलम शब्दशः वाचलं. वगळण्याच्या कलमांची भाषा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठरवून दिलेली आहे, आणि या कलमात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतला असेल तर, असा शब्द आहे. मी नोकरदार माणूस, ट्रॅकवर मला कुणी पैसे देत नाही, उलट मीच भरतो. तसं पत्र लिहिलं, फीची पावती जोडली, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. मला जावं लागलं नाही, पत्रात तसं लिहिल्यावरच पैसे आले. सगळे नाही, पण बरेचसे. तुमच्या पॉलिसीची भाषा मात्र तुम्ही स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि आता विचार करा, मी ‘हायवेवर पडलो’ असं सांगितलं असतं तर? रस्त्यावरचा अपघात म्हटला की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. कुठे, किती वाजता, कुठली गाडी, हे पोलिस विचारणार. टेप लावलेल्या हेडलाइटची, आरसे काढलेली गाडी हायवेवर कशी होती, हे मी काय सांगणार होतो? एक खोटं बोलून मी पोलिस आणि विमा कंपनी दोन्हीकडे गुन्हेगार ठरलो असतो, आणि आयोजक मोकळे. “सगळे तेच सांगतात” हे तो ज्या सहजपणे बोलला, त्यावरून असं आधी किती जणांकडून वदवून घेतलं असेल, कोण जाणे. तुमच्यावर ही वेळ आली तर खरं ठिकाण लिहा. सोबतच्या माणसालाही आधीच सांगून ठेवा, कारण आपण शुद्धीत असूच असं नाही.

बाकी नेहमीचं. पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री नीट झोपा, एकटे जाऊ नका. पहिल्या दोन फेऱ्या टायर थंड असतात, तेव्हा धावू नका. दमलात तर शेवटचं सेशन सोडा. नुसतं बघायला जाणार असाल तर लहान मुलांना पिटलेनमध्ये नेऊ नका, तिथे गाड्या मागे-पुढे न बघता बाहेर पडतात.

हात आता वर जातो, पाऊस आला की खांदा दुखतो. गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली आहे, नवी टाकी यायची आहे. बायकोने पुन्हा जाऊ नको असं म्हटलेलं नाही, फक्त तक्त्याचा तो फोटो तिने स्वतःच्या फोनमध्येही ठेवलाय.

गेल्या आठवड्यात त्याच आयोजकांचा नव्या ट्रॅक डेचा संदेश आला, सगळ्यांना पाठवतात तसा. मी एकच ओळ उलट पाठवली: “नवशिक्यांच्या गटात यंदा कोण कोण आहे आणि त्यांच्या मागच्या वेळा काय?” दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. आठ दिवस झाले.