बोव्हेचं अपुरं कॅथीड्रल

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी युरोपातल्या गॉथिक चर्चचे फोटो दाखवत होते. एका मित्राने मध्येच विचारलं, "देव सगळीकडे आहे म्हणता ना? मग एवढी उंची कोणासाठी? देवासाठी की बिशपच्या मोठेपणासाठी?" मी कॅथलिक, लहानपणापासून मिस्साला जाणारी, तरी मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून या विषयावर वाचतेय. सगळ्यात जास्त शिकवलं ते कधीच पूर्ण न झालेल्या एका चर्चने. ते म्हणजे पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या बोव्हे गावचं सेंट पीटर कॅथीड्रल.

आधी थोडं तंत्र समजून घेऊ. दगडी छताचं वजन नुसतं खाली येत नाही, ते बाहेरही रेटतं. खेळातले दोन पत्ते एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा. खालची टोकं बाहेर सरकू लागतील. छताचा हा रेटा जुन्या चर्चमध्ये जाड भिंती पेलायच्या. भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवणं जोखमीचं असायचं, म्हणून आत उजेड कमी.

बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समधल्या गवंड्यांनी तीन युक्त्या एकत्र आणल्या. पहिली टोकदार कमान. ती अर्धगोल कमानीपेक्षा बाहेर कमी रेटते. दुसरी छताच्या दगडी फासळ्या. त्या वजन ठरावीक खांबांवर आणून सोडतात. तिसरी बाहेरून दिलेले कमानदार टेकू, ज्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. ते उरलेला रेटा अंगणातल्या भक्कम खांबांवरून जमिनीत उतरवतात. भिंतीवरचं ओझं गेलं आणि तिच्या जागी रंगीत काच आली. जुन्या गोव्यातली बॉम जेझुस बॅसिलिका गॉथिक नाही, पण तिच्याही बाजूला बाहेरून दिलेले जांभ्याचे मोठे टेकू आहेत. पुढच्या वेळी गेलात तर ते जरूर बघा.

तंत्र हाती आल्यावर उंचीची जणू शर्यतच लागली. पॅरिसच्या नोत्र दामचं छत आतून सुमारे ३३ मीटर उंच, शार्त्रचं ३७, आमिएंचं ४२. बोव्हेचं जुनं चर्च १२२५ मध्ये आगीत सापडलं आणि नव्या चर्चचं काम सुरू झालं. त्याचं छत गेलं सुमारे ४८ मीटरवर, म्हणजे सोळा मजली इमारतीएवढं. गॉथिक चर्चमध्ये याहून उंच दगडी छत आजही नाही. वेदीकडचा भाग १२७२ मध्ये पूर्ण झाला आणि बाराच वर्षांनी, १२८४ मध्ये, छताचा काही भाग कोसळला. कारणाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. कोणी वाऱ्याला दोष देतं, कोणी टेकूंच्या सडपातळ खांबांना.

माझा मित्र इथे लगेच म्हणेल, गर्वाचं घर खाली!

पण पुढची गोष्ट बघा. लोकांनी छताची उंची कमी केली नाही. त्यांनी जुन्या दोन खांबांच्या मध्ये नवा खांब घातला आणि छताच्या फासळ्या वाढवल्या. ही दाटी तिथे आजही दिसते. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला ती हस्तलिखितात दोन ओळींच्या मध्ये केलेल्या दुरुस्तीसारखी वाटते. चूक लपवलेली नाही, सुधारलेली आहे.

अर्थात, माणसं एकदाच शिकून शहाणी होत नाहीत. १५६९ मध्ये इथेच १५३ मीटर उंच मनोरा पूर्ण झाला. पश्चिमेकडचा लांबट भाग, जिथे लोक बसायचे, तो बांधलेलाच नव्हता. त्यामुळे मनोऱ्याला त्या बाजूने आधारच नव्हता. १५७३ मध्ये प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी मिरवणूक नुकतीच बाहेर पडली होती, तेव्हा मनोरा कोसळला. तो पुन्हा उभारला नाही. पश्चिमेकडचा भागही झाला नाही. तिथे दहाव्या शतकातलं बुटकं जुनं चर्च अजून उभं आहे.

१९६० च्या दशकात टेकूंमधल्या काही लोखंडी सळ्या नको म्हणून काढल्या, तर इमारत वाऱ्यात जास्त हलायला लागली. मग पुन्हा सळ्या बसवाव्या लागल्या.

तर मित्रा, माझं उत्तर असं. त्या उंचीत मोठेपणाची हौस होती, मी नाकारत नाही. पण नुसत्या हौसेवर कोणी सातशे वर्षं डागडुजी करत नाही. छत पडल्यावर ज्यांनी मधले खांब उभे केले, त्या गवंड्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला भक्ती दिसते ती त्यांच्या कामात. आता मिस्साला गेले की मी आधी वर बघते आणि छताचं वजन कुठून कुठे उतरतंय ते शोधते. तूही ये एकदा, दोघं मिळून शोधू.