कुंडीतील रोपांसाठी मंदगती खत

शाळेच्या आवारातील कुंड्यांत मुले जून-जुलै महिन्यांत हौसेने रोपे लावतात. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांपैकी काही पिवळी पडलेली दिसतात आणि दोष मुलांच्या हयगयीवर जातो. वस्तुतः कारण पुष्कळदा निराळेच असते. जमिनीतील रोप अन्नासाठी मुळे दूरवर पसरू शकते. कुंडीतील रोपास ती सोय नाही. शिवाय पावसाचे अथवा झारीचे जादा पाणी तळाच्या भोकातून जाताना विरघळलेला नत्र बरोबर नेते. अशा वेळी मूठभर युरिया एकदम टाकल्यास प्रथम मुळे करपतात आणि उरलेले खत वाहून जाते.

यावर मंदगती खत हा एक उपाय आहे. त्याच्या प्रत्येक दाण्यावर कृत्रिम राळेचे पातळ कवच असते. कवचातून ओल आत शिरते, आतील क्षार विरघळतात आणि थोडेथोडे बाहेर पाझरतात. बाजारातील निमलेपित युरिया म्हणजे हे खत नव्हे. २०१५ पासून देशातील सर्व युरियास निंबोळी तेलाचा लेप देतात. त्याने नत्राचे रूपांतर मंदावते, परंतु युरिया पाण्यात लगेच विरघळतो.

मंदगती खताचे पाझरणे मुख्यतः उष्णतेवर अवलंबून असते. पाकिटावरील '५ ते ६ महिने' ही मुदत बहुधा २१ अंश सेल्सिअसच्या सुमाराचे तपमान धरून दिलेली असते. महाराष्ट्रातील उन्हात कुंडीची माती याहून पुष्कळ तापते. तेथे तेच खत तीन-चार महिन्यांत सरू शकते. म्हणून कडक उन्हाळ्यात मात्रा वाढवू नये. कुंड्या सावलीत हलवाव्यात. मात्रा पाकिटावरील सूचनेप्रमाणेच मोजून घ्यावी. दाणे फोडू नयेत. खत संपल्यावरही टरफले मातीत राहतात. दाणा चिमटीत दाबल्यास पोकळ लागला, तर खत संपले असे समजावे. ही टरफले लवकर कुजत नाहीत, म्हणून भाजीच्या वाफ्यात शेणखत किंवा निंबोळी पेंड वापरणेच इष्ट.

वर्गपाठ : सारख्या आकाराच्या तीन कुंड्यांत एकसारखी माती भरून झेंडूचे एकेक रोप लावावे. पहिल्या कुंडीत खत घालू नये, दुसरीत मंदगती खत व तिसरीत निंबोळी पेंड घालावी. ऊन व पाणी तिन्हींना सारखे द्यावे. आठ आठवडे दर शनिवारी मुलांकडून रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजवून घ्यावी, पाने मोजवावीत आणि नोंद तक्त्यात लिहवून घ्यावी. खत शिक्षकांनी स्वतः घालावे व नंतर हात धुवावेत.

अनुमान मुलांनाच काढू द्यावे. एखाद्याचे रोप सुकल्यास त्यास बोल लावण्यापूर्वी कुंडीचे भोक, मातीची ओल आणि खताची मात्रा ही तिन्ही त्याच्याकडूनच तपासून घ्यावीत. कारण सापडले की तोच मुलगा दुसरे रोप लावण्यास आनंदाने पुढे येतो.