हळू वळताना बाहेरचा पाय खाली

पौड, ता. मुळशी

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

टेमघरच्या चढावर तू पडलीस हे दादाकडून कळलं. ताईला म्हणे ‘जिन्यावरून घसरले’ म्हणून सांगितलंस. हे मला मुळीच आवडलं नाही. गुडघा भरून येईल गं, पण मागून लवासाची एखादी गाडी येत असती तर?

परवा तुमच्याकडे आलो तेव्हा सायकल पाहिली. पुढच्या मडगार्डच्या कडेला बुटाच्या टोकाचा काळा ओरखडा आहे. तुझी फ्रेम लहान, पण चाकं मात्र उंच माणसाच्या सायकलीला असतात तीच, ७०० सीची. पॅडल समोर आलं की बोटं चाकाच्या वाटेत येतात. त्यात पावसासाठी मडगार्ड लावलंस, म्हणजे होती ती फटही गेली. अमेरिकेत पॅडल आणि पुढचं टायर यांत किमान ८९ मिलिमीटर जागा सोडायचा नियम आहे, पण पाय अडकवायची सोय असलेल्या सायकलींना तो लागू नाही. आणि तुझा पाय तर क्लीटमध्ये!

वेगात एवढी भीती नाही. तेव्हा अंग कलतं, हँडल फारसं वळत नाही. घात होतो तो हळू असताना. टेमघरच्या पुढे दमलीस की तू नागमोडी चढतेस, नेमकं तिथेच. डावीकडे वळताना चाकाची मागची कड उजवीकडे येते आणि उजवा पाय पुढे असला की अडकतो. म्हणून हळू वळताना बाहेरचा पाय खाली ठेव आणि तेवढ्यापुरतं पॅडल थांबव. चढावर तेही जमेना, तर सरळ उतर. पण तिथे नागमोडी नको, सोनू.

तुझ्या वयात मला मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचं होतं. अण्णा नको म्हणाले आणि मी गप्प बसलो; एकदा आर्जवही केलं नाही. जानेवारीत पुणे ग्रँड टूर मुळशीतून गेली तेव्हा कडेला उभा राहून पोरांना बघत होतो. अजून सलतं. तुला सायकल सोड असं मी कधीच म्हणणार नाही.

ताईशी मी काही बोललो नाही, तूच सांग. रागावेल, मग हळद लावेल. रविवारी ये. क्लीट जरा पुढे सरकवली की पाय मागे येतो, आपण मिळून करू. १७० चा क्रँक काढून १६५ चा घालायचा का, तेही बघू. ५ मिलिमीटर तर ५ मिलिमीटर. सायकल दादाच्या गाडीत घालून आण, गुडघा वाळेपर्यंत चालवत येऊ नकोस. मामी आंबेमोहराचा भात लावणार आहे.

तुझा,
मामा